वीस रुपये आणि तुरुंगातले ताट

एम. ए.च्या वर्गात महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवताना एका विद्यार्थ्याने मध्येच प्रश्न केला. तो पदवीला अर्थशास्त्र घेऊन आलेला होता. त्याचे म्हणणे असे की, फुले ज्या काळाविषयी लिहितात त्या काळात हिंदुस्थानचे दरडोई वास्तव उत्पन्न हळूहळू वाढतच होते, हे आता आकडेवारीने मान्य झाले आहे. मग या ग्रंथातील दैन्याचे चित्र म्हणजे एका तळमळीच्या माणसाची अतिशयोक्ती समजायची का? वर्गात थोडी कुजबुज झाली. मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते ‘साहित्याचे सत्य आणि आकड्याचे सत्य वेगळे असते’ अशा थाटाचे होते. आपण मराठीचे प्राध्यापक अडचणीत सापडलो की हे वाक्य हमखास बाहेर काढतो. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर मलाच पटेना. आकडा खरा आणि असूडही खरा, असे दोन्ही म्हणायचे असेल तर आकडा नेमके काय मोजतो ते समजून घ्यायला हवे. पुढील लेखन हा त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

‘दरडोई वास्तव स्थूल देशांतर्गत उत्पादन’ हे लांबलचक नाव चार क्रियांनी बनलेले आहे. देशाच्या सीमेत वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांचे मूल्य काढायचे. ते ‘स्थूल’ ठेवायचे, म्हणजे यंत्रे, घरे, अवजारे यांची झीज त्यातून वजा करायची नाही. किंमतवाढीचा फुगवटा त्यातून काढून टाकायचा, म्हणजे ते ‘वास्तव’ होते. आणि शेवटी लोकसंख्येने भागायचे. या प्रत्येक क्रियेत एक निर्णय दडलेला असतो. काय मोजावे, कोणत्या किमतीला मोजावे, कुणाचे मोजावे आणि कितींनी भागावे, हे ते निर्णय होत. हिंदुस्थानात हे चारही निर्णय पहिल्यांदा जाहीर वादाचे विषय झाले ते मुंबईत शिकलेल्या आणि मुंबईतच शिकवलेल्या एका गणिताच्या प्राध्यापकामुळे.

दादाभाई नौरोजी १८५० च्या दशकात एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. १८५५ मध्ये ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले आणि १८६६ मध्ये लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. हिंदुस्थानातील माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी किती उत्पन्न येते, हा प्रश्न त्यांनी १८७० च्या सुमारास मांडला. १८७३ मध्ये हिंदी वित्तव्यवहाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी आपले टिपण ठेवले आणि १८७६ मध्ये ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावरचा सविस्तर निबंध मुंबईत असोसिएशनच्या शाखेपुढे वाचला. पुढे १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रख्यात ग्रंथात तो समाविष्ट झाला.

दादाभाईंची पद्धत आज बाळबोध वाटेल; पण तिच्यातील प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. त्यांच्याजवळ सरकारी प्रशासकीय अहवालांखेरीज दुसरे साधन नव्हते. प्रत्येक प्रांतातील मुख्य पिकांखालचे क्षेत्र, एकरी सरासरी उतारा आणि बाजारभाव घेऊन त्यांनी गुणाकार केला आणि बियाण्यासाठी लागणारे धान्य वजा केले. मग मीठ, अफू, कोळसा, व्यापारातला नफा, कारागिरी, दूध, मासळी, मांस यांची भर घातली. एवढे करून आपल्याकडून काही सुटले असेल म्हणून आणखी ३ कोटी पौंड वरून धरले. सतरा कोटी लोकसंख्येसाठी एकूण उत्पादन सुमारे ३४ कोटी पौंड निघाले. म्हणजे माणशी ४० शिलिंग. त्या काळच्या दोन शिलिंगाला एक रुपया या हिशेबाने वर्षाला २० रुपये.

हा आकडा शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. मात्र दादाभाईंनी पुढे जे केले त्याची आठवण फारशी ठेवली जात नाही, आणि माझ्या मते त्यांचे खरे वैचारिक कर्तृत्व तेथे आहे. वीस रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? नुसत्या आकड्याला याचे उत्तर देता येत नाही. इंग्लंडच्या उत्पन्नाशी तुलना करावी तर विरोधक म्हणणार की, तिकडची थंडी निराळी, गरजा निराळ्या, इथला माणूस लंगोटी आणि भाकरीवर सुखी असतो. म्हणून दादाभाईंनी तुलनेसाठी असे माप निवडले की ज्याला सरकारला नाकारता येऊ नये. त्यांनी सरकारच्याच तुरुंगांचे अहवाल उघडले आणि एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला किती खर्च होतो ते काढले. मुंबई इलाख्यात दरडोई उत्पादन २२ रुपये ४ आणे होते, तर कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ४७ रुपये ७ आणे. मद्रासमध्ये उत्पादन १८ रुपये, कैद्याचा खर्च ५३ रुपये २ आणे. ज्याला त्यांनी तुलनेने सुस्थितीतला प्रांत मानले त्या पंजाबातही २० रुपयांसमोर २७ रुपये ३ आणे. परदेशी मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना जहाजावर, म्हणजे कोणतेही श्रम नसताना, किती शिधा लागतो याचे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवलेले प्रमाणही त्यांनी या हिशेबात आणले.

या तुलनेमागचा विचार नीट पाहावा. सरकार ज्याला शिक्षा म्हणून डांबून ठेवते, त्याला जिवंत ठेवण्यासाठी जेवढे लागते तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला सरासरीने येत नाही. आणि ‘सरासरीने’ हा शब्दही दादाभाईंनी सोडला नाही. साहेबलोक, संस्थानिक, सावकार आणि वरचे वर्ग आपला मोठा वाटा आधीच उचलून घेतात. त्यामुळे सामान्य रयतेच्या हाती वीस रुपयेही पडत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे दरडोई उत्पन्नाचा हिंदुस्थानातला पहिला महत्त्वाचा अंदाज जन्माला आला तोच आपल्या मर्यादेची जाणीव घेऊन. आकड्याशेजारी ताट ठेवल्याशिवाय आकडा बोलत नाही, हे दादाभाईंना पहिल्यापासून कळले होते.

आता आक्षेपांकडे वळू. इंडिया ऑफिसमधील डॅन्व्हर्स या अधिकाऱ्याने दादाभाईंच्या पंजाबविषयक हिशेबावर टीका केली. तिचा एक रोख असा की, रेल्वे, नोकऱ्या, व्यवसाय यांतून मिळणारे उत्पन्न दादाभाईंनी धरलेले नाही. दादाभाईंचे उत्तर असे की, नोकराचा पगार, वकिलाची फी किंवा रेल्वेचे भाडे शेवटी त्याच शेतमालातून आणि कारागिरीतून निघते. ते पुन्हा मोजले तर एकच दाणा दोनदा मोजल्यासारखे होईल. आजचे अर्थशास्त्र या वादात डॅन्व्हर्सच्या बाजूने उभे राहील, कारण आज सेवाही उत्पादन मानल्या जातात. मात्र दादाभाईंची शंका पूर्णपणे निकालात निघालेली नाही. काय मोजायचे याची रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि ती रेघ निसर्गाने आखून दिलेली नसते.

मुंबईच्या गिरणगावातले उदाहरण घेऊ. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एकेकटे राहत आणि खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बहुतांशी बायकाच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. आता पाहा, एक बाई पहाटे उठून नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी भाकऱ्या थापते, तेव्हा तिचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शून्य. त्याच चुलीवर, त्याच परातीत तिने दहा कामगारांसाठी पैसे घेऊन भाकऱ्या थापल्या की देशाचे उत्पादन वाढले. भाकरी तीच, हातही तेच. उद्या ती खानावळ बंद करून मुलीच्या बाळंतपणासाठी घरी बसली तर देश तेवढ्याने गरीब झाला. हा हिशेब करणाऱ्यांना हे कळत नाही असे मुळीच नाही. घरकामाला बाजारभाव नसतो म्हणून त्यांनी ते बाहेर ठेवले आहे. पण ज्या समाजात निम्म्या माणसांच्या कामाचा मोठा भाग या रेघेपलीकडे राहतो, त्या समाजाच्या राहणीमानाविषयी हा आकडा अर्ध्याच आवाजात बोलतो, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा निर्णय ‘वास्तव’ या शब्दातला. दादाभाईंनंतर सरकारलाही हिशेब मांडणे भाग पडले. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी दरडोई २७ रुपयांचा अंदाज केला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी तो ३० रुपयांवर नेला आणि प्रगती होत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी उपरोधाने ‘समृद्ध’ म्हटलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहून हे उत्पन्न सुमारे १७ रुपयेच असल्याचे प्रतिपादन केले. या वादातले सगळे तपशील येथे नकोत. पण एक साधा गुणाकार करून पाहण्याजोगा आहे. दादाभाईंच्या काळी रुपया २४ पेन्सचा, म्हणून २० रुपये म्हणजे ४० शिलिंग. मधल्या काळात चांदीचा भाव घसरत गेला आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने रुपयाचा दर १६ पेन्सवर बांधला. कर्झनसाहेबांचे ३० रुपये गुणिले १६ म्हणजे ४८० पेन्स, म्हणजेच ४० शिलिंग. तीस वर्षांत रुपयांत मोजलेले उत्पन्न दीडपट झाले आणि पौंडात मोजलेले जागच्या जागी राहिले!

मग खरे कोणते? दोन्हीही नव्हे. ज्वारी विकत घेणाऱ्या माणसाला पौंडाशी कर्तव्य नसते. त्याला ज्वारीच्या भावाशी कर्तव्य असते. म्हणून चालू किमतींतले उत्पन्न एखाद्या ठराविक वर्षाच्या किमतींत बदलून घ्यावे लागते, आणि देशादेशांची तुलना करायची तर चलनाच्या विनिमयदराऐवजी त्याची खरेदीशक्ती पाहावी लागते. ‘वास्तव’ उत्पन्न म्हणतात ते हे. येथेही पुन्हा प्रश्न येतो की कोणाच्या टोपलीतल्या वस्तूंच्या किमती धरायच्या? रॉकेल आणि गिरणीचे कापड स्वस्त झाले, पण धान्य महागले, तर ज्याचा बहुतेक खर्च धान्यावर होतो त्याच्यासाठी महागाई वाढलेली असते आणि ज्याचा खर्च इतर वस्तूंवर होतो त्याच्यासाठी ती उतरलेली असू शकते. संपूर्ण देशासाठी एकच किंमत-निर्देशांक वापरला की या दोघांची महागाई एक होते. ‘वास्तव’ हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो. पण तेही एक प्रकारचे कथनच असते, आणि त्यालाही निवेदक असतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या मूळ आकडेवारीकडे येतो. अँगस मॅडिसन या अर्थेतिहासकाराने जगातील देशांचे दरडोई वास्तव उत्पादन १९९० च्या आंतरराष्ट्रीय डॉलरांत मांडले. त्याच्या अंदाजानुसार हिंदुस्थानात ते १८७० मध्ये ५३३ होते, १९१३ मध्ये ६७३ झाले आणि १९५० मध्ये उतरून ६१९ वर आले. ब्रिटनमध्ये १८७० चा आकडा ३,१९० आणि १९१३ चा ४,९२१ आहे. म्हणजे विद्यार्थी म्हणत होता ते चूक नव्हते. १८७० ते १९१३ या काळात, म्हणजे ज्यात फुल्यांचा ‘असूड’ लिहिला गेला त्या काळात, दरडोई उत्पादन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले.

याच काळातल्या आयुर्मानाचे जनगणनेवरून काढलेले आकडे शेजारी ठेवून पाहू. १८७० च्या दशकात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते सुमारे २३ वर आले आणि इन्फ्लुएन्झाची साथ ज्यात आली त्या १९११ ते १९२१ या दशकात सुमारे २० पर्यंत घसरले. उलट १९५० पर्यंत, जेव्हा दरडोई उत्पादन १९१३ पेक्षा खाली होते, तेव्हा आयुर्मान ३२ च्या घरात पोचलेले होते. १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ मध्ये येऊनही हे घडले, कारण प्लेग, कॉलरा, दुष्काळ यांची मरणे एकंदरीत कमी झाली होती. थोडक्यात, आकडा चढत होता तेव्हा आयुष्य आखूड होत होते, आणि आकडा उतरला त्या काळात आयुष्य लांबले. दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत आणि एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, इतकेच.

१८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा तीन महादुष्काळांनी हा कालखंड भरलेला आहे. पहिल्या दुष्काळातच पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे अभ्यासक मानतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी दख्खनच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८९१ ते १९०१ या दशकात तर मुंबई इलाख्याची लोकसंख्याच घटली. येथे सरासरीचा जो गुणधर्म पुढे येतो तो उच्चारतानाही अंगावर काटा येतो. समजा, एका गावात शंभर माणसे आहेत. दहा जणांचे उत्पन्न प्रत्येकी १०० रुपये आणि नव्वद जणांचे प्रत्येकी १० रुपये. एकूण १,९०० रुपये, दरडोई १९. दुष्काळ आला आणि गरिबांपैकी वीस माणसे मेली. बाकी कोणाच्याही उत्पन्नात पैशाचाही फरक पडला नाही. आता एकूण १,७०० रुपये आणि माणसे ऐंशी. दरडोई २१ रुपये ४ आणे. गावाचे ‘राहणीमान’ सुधारले! जे मेले ते छेदातून निघून गेले; भागाकाराला त्यांची आठवण राहत नाही. त्या काळातली वाढ अशीच झाली असे मला म्हणायचे नाही. सिंचन, रेल्वे, नगदी पिके आणि गिरण्या यांचा वाटा त्यात आहेच. म्हणणे एवढेच की, सरासरी चढलेली पाहून मागे राहिलेल्यांचे बरे झाले असे अनुमान काढता येत नाही.

तिसरा निर्णय कुणाचे मोजायचे हा. ‘देशांतर्गत’ उत्पादन देशाच्या सीमेत झालेले सगळे मोजते. ते शेवटी कोणाच्या खिशात गेले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दादाभाईंचा सुप्रसिद्ध ‘संपत्तीच्या निःसारणा’चा सिद्धान्त नेमका याच फटीत उभा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने आणि कर्जावरचे व्याज यांच्या रूपाने जी रक्कम दरवर्षी इंग्लंडला जाते ती येथल्या उत्पादनात मोजली जाते, पण येथल्या ताटात पडत नाही. या विचाराची पूर्वपीठिका मुंबईतच होती. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत कंपनी सरकारच्या आर्थिक लुटीवर बोट ठेवले होते. देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न यांतला हा फरक जुन्या वसाहतींपुरता मर्यादित नाही. २०१५ मध्ये आयर्लंडचे स्थूल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तेथे हलवल्याचा तो परिणाम होता. डब्लिनच्या गृहिणीच्या पिशवीत त्यामुळे काही जास्त पडले नव्हते.

यापलीकडे असे काही आहे की जे कोणत्याही किमतीत बसत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली, तिच्यात मोबदला धान्यात मिळे. पिकाचे मूल्य काढताना ते धान्य राष्ट्रीय उत्पन्नात येतेच. दादाभाईंच्या हिशेबातही ते आले आहे. पण ते धान्य कसे हाती पडते, उभ्याने की वाकून, हक्काने की उपकार म्हणून, याचा हिशेब नाही. तो मराठीत व्हायला १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ यावे लागले. डॉ. आंबेडकर तर स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याच्या मूळ शीर्षकातच हिंदुस्थानच्या ‘राष्ट्रीय लाभांशा’चा, म्हणजे आजच्या भाषेत राष्ट्रीय उत्पन्नाचा, उल्लेख होता. त्याच आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला आपल्या समाजाला मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि १९२८ मध्ये महार वतनाची वेठ संपवण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ज्या कुटुंबाने हे ऐकले त्याच्या मिळकतीत त्या वर्षी घटच झाली असणार. त्यांचे राहणीमान घसरले की उंचावले? ‘राहणी’ आणि ‘मान’ हे दोन शब्द मराठीने एकत्र जोडले आहेत. ‘मान’ येथे मापाच्या अर्थाने येतो हे खरे. पण दुसरा अर्थही कानाला लागतोच, आणि या उदाहरणात तर तोच खरा ठरतो.

इतके सांगितल्यावर हा आकडा टाकूनच द्यावा, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो मान्य नाही, आणि ज्यांनी या मापाच्या मर्यादा सर्वांत चांगल्या जाणल्या त्यांनाही तो मान्य नव्हता. अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न १९३४ च्या अहवालात मांडणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनी त्याच अहवालात बजावले होते की, एवढ्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान क्वचितच काढता येईल. पण त्यांनी मोजणे सोडले नाही. स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. तिच्यावर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास बाहेर पडला. दिवसाला २,२५० उष्मांक देणाऱ्या आहाराला किमान मानून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागासाठी महिना माणशी १५ रुपये आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेघ आखली आणि ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के व शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. येथे सरासरीऐवजी रेघेखालची डोकी मोजली गेली. मला ही दादाभाईंच्या तुरुंगातल्या ताटाची सरळ वारसदार वाटते. प्रश्न तोच आहे की, माणसाला जगायला लागते किती, आणि ते किती जणांना मिळत नाही?

पुढे केरळने आणखी एक धडा दिला. १९७० च्या दशकात त्या राज्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी होते. तरी साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान यांत ते पुष्कळ पुढे होते. अमर्त्य सेन आणि महबूब उल हक यांच्या विचारातून १९९० मध्ये जो मानव विकास निर्देशांक आला, त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुष्य आणि शिक्षण यांना जागा मिळाली. उत्पन्नाला काढून टाकलेले नाही, त्याच्याशेजारी आणखी दोन पाट मांडले आहेत. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून बरेच वर आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. ही मुले त्या सरासरीच्या छेदात मोजलेली आहेत. अंशात त्यांचा वाटा किती, हे सरासरी सांगत नाही.

आता त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? फुल्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. बेअरिंग आणि बार्बर यांनी दरडोई २७ रुपयांचा हिशेब केला त्याच्या पुढच्याच वर्षी. त्या ग्रंथात शेतकऱ्याच्या घराचे, घरातल्या जुन्यापुराण्या सामानाचे, अंगावरच्या कपड्यांचे आणि खाण्याचे जे बारीक तपशील आहेत, ते आपण वर्गात ‘वास्तववादी वर्णनशैली’ म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. वस्तुतः ती एका कुटुंबाची जमाखर्चाची वही आहे. दादाभाईंनी वरून, अहवालांतून, देशाची बेरीज मांडली. फुल्यांनी खालून, उंबरठ्यातून, एका घराची वजाबाकी मांडली. १९१७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर केलेली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्याच साध्या गरजांना पुरे पडत नसल्याचे त्यांनाही दिसले. देशाचा दरडोई आकडा त्या वेळी दादाभाईंच्या काळापेक्षा वर होता. म्हणजे असूडातले चित्र अतिशयोक्त ठरवण्याचा अधिकार सरासरीला नाही, कारण त्या चित्राविषयी सरासरी काही बोलतच नाही.

मात्र उलट बाजूही तितकीच खरी. एका घराच्या वर्णनावरून देशाविषयी बोलण्याचा अधिकार साहित्यालाही आपोआप मिळत नाही. आपण साहित्याचे लोक एका कादंबरीतल्या एका शेतकऱ्यावरून सबंध युगाचा निवाडा करतो, तेव्हा तीच चूक विरुद्ध दिशेने करत असतो. दादाभाईंच्या वीस रुपयांशिवाय फुल्यांच्या शेतकऱ्याला ‘हा एखादाच कर्मदरिद्री’ म्हणून बाजूला सारता आले असते. आणि फुल्यांच्या शेतकऱ्याशिवाय दादाभाईंचे वीस रुपये वह्यांतच राहिले असते.

पुढच्या वर्षी ‘असूड’ शिकवताना मी फळ्यावर आधी तीन आकडे लिहिणार आहे: २२ रुपये ४ आणे, ४७ रुपये ७ आणे आणि २५ वर्षे. पहिला मुंबई इलाख्यातल्या मोकळ्या माणसाचा वाटा, दुसरा त्याच इलाख्यातल्या कैद्याचा खर्च, तिसरा त्या काळी जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुष्य. मग पुस्तक उघडायचे.